अठरावं नाव

॥ श्री ॥
बालाजी घाट, काशी
१८ ऑक्टोबर १९९३

अन्नपूर्णा हिस,

आशीर्वाद. नावाच्या आधी जागा मोकळी सोडली आहे, ती विसरून नव्हे. दहा वर्षांपूर्वी त्या जागी 'गं. भा.' लिहिलं होतं. आई गेल्याचं ते पत्र तू न फोडता परत पाठवलंस. पाकिटावर तुझ्या ठसठशीत अक्षरात: 'या नावाची बाई इथे राहत नाही.' ते पाकीट अजून माझ्याकडे आहे, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात. या खेपेला मी धोका पत्करला नाही, एवढंच.

तुझं कार्ड आलं ते नेमकं पितृपक्षात. त्या दिवसांत आम्हा भिक्षुकांना मान वर करायला फुरसत नसते, म्हणून उत्तराला उशीर झाला. (हे खरं कारण नव्हे, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.)

बेपत्ता जवानांच्या घरच्यांच्या समितीसाठी तू दोन प्रश्नांची लेखी उत्तरं मागितली आहेस, तेव्हा तुला पाठ असलेलंच पुन्हा लिहितो. माझा धाकटा भाऊ ढुंढिराज शिवराम, घरातलं नाव बाळू, फौजेत सिग्नलच्या कामावर होता. डिसेंबर १९७१च्या लढाईत छांबच्या बाजूला बेपत्ता झाला. तुमच्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. फौजेचं पत्र आलं, 'बेपत्ता, मृत मानण्यात यावे.' पुढे बारा वर्षं काही कळलं नाही. शास्त्र बाराच वर्षं थांबायला सांगतं. डिसेंबर १९८३मध्ये मी, यज्ञेश्वर, थोरला भाऊ या नात्यानं, पळसाच्या तीनशे साठ पानांचा देह रचून, त्याला नारळाचं डोकं ठेवून मणिकर्णिकेवर अग्नी दिला. क्रियेला आधार काय हे तू विचारलं आहेस, तर हाच: बारा वर्षं, आणि आईचा हट्ट. आपण जाण्याआधी मुलाला गती मिळावी असं तिला वाटत होतं. महिन्याभरात ती गेलीच.

सरकार आता तुला म्हणतं की घरच्यांनीच क्रिया केली, मग आम्ही कुणाला शोधायचं. हे वाचून मला राग आला. आमच्या दर्भाच्या गाठीवर यांनी फाईल बांधावी, हे काही बरं नाही.

इकडे ठीक. तुझ्या जाऊबाईंचे, प्रेमलाचे, गुडघे दुखतात, पण जिन्यावरून ओरडायचा आवाज पूर्वीसारखाच आहे. घाटाची खालची पायरी या पुरात आणखी खचली. गल्लीत मराठी बोलणारी घरं कमी होत चालली. पोरं आईला अम्मा म्हणतात आणि आम्हाला 'पंडितजी, नमस्ते'. तू इंदूरला शाळेत शिकवतेस असं कळलं. कोणता विषय, ते लिही.

तुझा भाऊजी,
यज्ञेश्वर


बालाजी घाट, काशी
५ डिसेंबर १९९३

अन्नपूर्णा हिस,

तुझं एका ओळीचं पत्र पोचलं. 'तुम्ही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत.' वर ना आशीर्वाद मागितलास, ना खाली सही. गणित शिकवत असणार तू.

दुसरा प्रश्न, कोणी काही बातमी आणली होती का. सांगतो. पण आधी दुसरं एक सांगू दे, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिताच येत नाही.

माझी जीभ बिघडली आहे. संध्येत चोवीस नावं येतात, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, तू तुझ्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या तोंडून ऐकली असशील. मी सातव्या वर्षापासून रोज म्हणतो आहे. त्यात सतरावं नाव पुरुषोत्तम आणि अठरावं अधोक्षज. गेली काही वर्षं मी पुरुषोत्तमापर्यंत येतो आणि पुढचं नाव येत नाही. थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तरी नाही. जीभ उडी मारते ती थेट नारसिंहावर. आणि शेवटी एक नाव कमी पडलं म्हणून आपोआप पुन्हा तोंडात येतं, केशवाय नमः.

ही चूक माझी नाही. ही बाळूची आहे. मुंजीनंतर आप्पा त्याला समोर बसवून संध्या घोकून घ्यायचे. त्याला 'अधोक्षज' म्हणताच यायचं नाही. क्ष आणि ज एकावर एक आले की त्याची जीभ अडकायची. म्हणून त्यानं आपली युक्ती काढली: अठरावं गाळायचं, आणि चोवीस भरायला शेवटी केशवाला पुन्हा बोलवायचं. आप्पा डोळे मिटून बोटांवर मोजायचे. मोजणी बरोबर यायची, पण कान फसायचे नाहीत. मग पळीचा मार. एका वर्षात त्या पळीचा दांडा वाकला. बाळू रडत म्हणायचा, 'दादा, केशवाला दोनदा नमस्कार केला तर त्याला राग येतो का रे?' शेवटी वेदाचा नाद सोडून तो फौजेत गेला. आप्पा गेल्यावर मी पळी सरळ करून घेतली. वापरतो तीच.

प्रेमला म्हणते वय झालं, दातांत फट पडली, म्हणून होतं. असेल. पण सकाळी खालच्या पायरीवर बसलं की मला माझा आवाज ऐकू येतो आणि त्याच्या मागून दुसरा, तोच मंत्र, अर्ध्या मात्रेनं मागे. नदीचा आवाज परत येतो हे मलाही कळतं. पण नदी नारसिंहावर उडी मारत नाही.

पितृपक्षात तर्पण करताना नावं घ्यावी लागतात. आप्पा, आई, आजोबा. त्यांच्यामागून, 'अस्मद्भ्रातरं ढुंढिराजशर्माणं स्वधा नमस्तर्पयामि.' तिळाचं पाणी अंगठ्याजवळून सोडायचं. दहा वर्षं सोडतो आहे. बाकीच्यांच्या वेळी पाणी सरळ पडतं. त्याच्या वेळी ओंजळ उघडत नाही. बोटं एकमेकांना चिकटून बसतात आणि मला हात झटकावा लागतो.

आता तुझा प्रश्न. एक माणूस आला होता, १९८२च्या चैत्रात. तिकडच्या तुरुंगातून सुटून आलेला. डोकं ठिकाणावर नव्हतं असं वाटलं. काहीबाही बोलत होता. त्याच्यावर विश्वास ठेवावा असं काही नव्हतं.

यापेक्षा जास्त काही नाही.

भाऊजी


बालाजी घाट, काशी
११ मार्च १९९४

अन्नपूर्णा,

दोन दिवस रेडिओवर एकच चाललं आहे. जिनिव्हाला जगभरचे लोक जमलेत, माणसांच्या हक्कांवर बोलायला. तिकडच्यांनी आपल्यावर ठराव आणला होता, तो मागे घेतला. चौकातल्या पानवाल्यानं आनंदानं पेढे वाटले. 'का गुरु, जीत गइलीं!' म्हणाला. मी पेढा घेतला आणि हातात धरून घरी आलो. तिकडचे म्हणतात तुम्ही माणसांना कोंडता, आपले म्हणतात आधी तुमचे तुरुंग दाखवा. दोघंही खरं बोलत असतील. पण दोन दिवसांत एकानंही एका माणसाचं नाव वाचलं नाही. मी बातम्या संपेपर्यंत बसलो होतो, उगाच, कोण जाणे कशासाठी.

पेढा खाल्ला नाही. तुला खोटं लिहिलं होतं, ते आधी सांगायचं होतं.

तो माणूस वेडा नव्हता. त्याचं नाव कुशलसिंह. अखनूरजवळच्या गावचा. गुरं सीमेपलीकडे गेली म्हणून मागे गेला आणि नऊ वर्षं तिकडे राहिला. त्यांनी त्याला हेर ठरवलं. कैद्यांच्या अदलाबदलीत परत आला तर आपल्या लोकांनी चार महिने बसवून विचारलं, तुला तिकडच्यांनी काय शिकवून पाठवलं. 'वहाँ हम इधर के जासूस, यहाँ उधर के. पंडितजी, हमारा मुल्क कौन सा है, आप ही पोथी में देख दो,' असं हसत म्हणाला. उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. कुणी काढली ते मी विचारलं नाही.

तो तीन सकाळी आमच्या घाटावर येऊन बसला होता. मला वाटलं कुणाच्या अस्थी घेऊन आलेला यजमान असेल. चौथ्या दिवशी माझी संध्या संपली आणि तो पायऱ्या उतरून आला. हात जोडून म्हणाला, 'महाराज, बुरा न मानना. आपने आख़िर में एक केशव कम कहा.'

अन्नपूर्णा, मी तसाच पाण्यात उभा राहिलो.

त्यानं मला सगळी नावं म्हणून दाखवली. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, उच्चार गावंढळ होते. पण ओळीनं सगळी. पुरुषोत्तमानंतर सरळ नारसिंह. शेवटी पुन्हा केशव. लाहोरच्या तुरुंगात त्याच्या भिंतीपलीकडे एक माणूस रोज पहाटे हे मोठ्यानं म्हणायचा. तीन वर्षं ऐकून कुशलसिंहालाही पाठ झालं. त्या माणसाला कोणाशी बोलू देत नसत. एकदाच मोरीच्या भोकातून यानं विचारलं, 'भाई, कहाँ के हो?' तिकडून उत्तर आलं, 'बालाजी घाट.' नाव विचारेपर्यंत शिपाई आला आणि काठीचे आवाज आले. पुढे पाच महिने पलीकडे शांत होतं. मग एका पहाटे पुन्हा केशवाय नमः. शेवटचं त्यानं ऐकलं ते १९८१च्या हिवाळ्यात.

बाळू जिवंत होता. हे मला १९८२च्या चैत्रात कळलं. डिसेंबर १९८३मध्ये मी त्याला जाळलं.

मी कुशलसिंहाला पुरीभाजी खाऊ घातली आणि म्हणालो, घरात कुणाला सांगू नकोस, आई आजारी आहे. त्यानं पत्ता लिहून दिला, 'जब बोलोगे गवाही देने आऊँगा.' त्याच दुपारी साध्या कपड्यातले दोघं आले. हा माणूस तुमच्याकडे कशाला आला होता, काय म्हणाला? मी म्हणालो, अस्थी विसर्जनाला. त्यातला एक शांतपणे म्हणाला, 'पंडितजी, सरकारी काग़ज़ में आपके भाई शहीद हैं. इज़्ज़त की बात है. उन्हें क़ैदी मत बनाइए.' मी घाबरलो. उद्या सांगू, आई बरी झाली की सांगू, असं करत दिवस गेले.

आणि त्या दिवशी मणिकर्णिकेवर तू आलीस. बायका येत नाहीत तिथे, तरी आलीस. पानांचा देह चितेवर होता. माझ्या ओंजळीत पाणी होतं. तू सगळ्यांसमोर विचारलंस, 'भाऊजी, गंगा हातात आहे तुमच्या. कोणी काही बातमी आणली होती का?'

मी म्हणालो, 'नाही.'

त्याच संध्याकाळी तू गळ्यातल्या मंगळसूत्रासकट गाडीत बसलीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं. हे पत्र समितीत दाखव, फाड, काहीही कर.

यज्ञेश्वर


बालाजी घाट, काशी
२० जुलै १९९४

अन्नपूर्णा,

चार महिने तुझं पत्र नाही. येणार नाही हे धरूनच चाललो आहे. सोबत हलफनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, जोडला आहे, कचेरीत केलेला. तीन प्रती. एक तू ठेव.

आधी वाईट बातमी. मार्चमध्येच मी कुशलसिंहाला लिहिलं होतं, की आता ये, साक्ष दे. त्याच्या मुलाचं उत्तर आलं. कुशलसिंह १९८९मध्ये वारला. मरेपर्यंत पोस्टमनला विचारायचा, बनारसहून काही आलं का. मुलानं पुढे लिहिलं आहे, 'आपने देर कर दी.' मी तो कागद देवघरात ठेवला आहे. रोज वाचतो.

त्यामुळे साक्षीदार आता मी एकटा. ज्यानं क्रिया केली तोच.

कचेरीत टंकलेखक बाबू चांगला माणूस, आपल्याच मोहल्ल्यातला. अर्धं टाइप करून थांबला. चष्मा वर करून म्हणाला, 'पंडितजी, किरिया भी आप ही किए, अब लिखवा रहे हैं कि भाई ज़िंदा थे और आपको मालूम था. झूठ तब बोले कि अब?'

मी म्हणालो, 'तब.'

त्यानं पुढचं टाइप केलं. रांगेत आपले दोघं वेदमूर्ती उभे होते. त्यांनी ऐकलं. व्हायचं तेच झालं. जिवंत माणसाचा दहनविधी जाणूनबुजून करणाऱ्याच्या हातून श्राद्ध कोण करून घेणार? या महिन्यात मला एकही बोलावणं नाही. वैदिकांच्या सभेच्या वसंतपूजेत वेदपठणाची माझी जागा दुसऱ्याला दिली. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मीच पोथी उघडून त्यांना तो श्लोक दाखवला असता.

प्रेमलाला मी सांगितलं नव्हतं, तिला गल्लीतून कळलं. तिसऱ्या दिवशी चहा ठेवला आणि म्हणाली, 'तेव्हाच सांगितलं असतंत तर अन्नपूर्णा या घरात असती. मी एकटीनं या भिंतींशी बोलत दहा वर्षं काढली नसती.' मला वाटत होतं तुझं जाणं तिला फारसं लागलं नाही. इतक्या वर्षांत मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

आता एक राहिलं आहे. मार्चच्या पत्रात मी भीतीचं कारण दिलं. त्याआधी आईचं दिलं होतं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही पुरेशी नाहीत. ते साध्या कपड्यातले दोघं पुन्हा कधी आले नाहीत. आईला सांगितलं असतं, 'बाळू आहे,' तर ती त्याच आनंदात गेली असती. तिनं क्रियेचा हट्ट धरला कारण मी तिला कळू दिलं नाही.

खरं असं की मी दमलो होतो. अकरा वर्षं मी दिल्लीच्या बाकांवर बसलो. शिपायांकडून पंडितजी म्हणवून घेत, पेढ्यांचे पुडे पुढे करत, पुढच्या महिन्यात या ऐकत. घरी आलं की दारात तू उभी. काही विचारायची नाहीस, फक्त माझ्या पिशवीकडे बघायचीस. मला त्या बघण्याचा वीट आला होता. कुशलसिंह गेला त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मला काय वाटलं सांगू? अरे देवा, आता पुन्हा पहिल्यापासून.

मला माझा भाऊ मेलेला हवा होता. पोथीनं बारा वर्षांची सोय केली होती, मी ती घेतली.

हे हलफनाम्यात नाही. कायद्याला त्याचा उपयोग नाही. तुला म्हणून लिहिलं.

यज्ञेश्वर


बालाजी घाट, काशी
६ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,

अखंड सौभाग्याचा आशीर्वाद. वरची अक्षरं नीट बघ. पाकिटावरही तसंच लिहिलं आहे. हे पत्र तू परत पाठवणार नाहीस. का ते सांगतो, पण घाईनं शेवट वाचू नकोस, मला क्रमानं सांगू दे. म्हाताऱ्याची सवय.

तुझं जाड पाकीट सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी आलं. प्रेमलानं घाटावर आणून दिलं. तुझी चिठ्ठी आधी वाचली: 'भाऊजी, लाहोरच्या वकीलबाईंनी स्वतःच्या सरकारशी भांडून ही यादी मिळवली. सव्वीस माणसं. तिकडचे म्हणतात ही तुमची, आपले म्हणतात आमची नव्हेत. ढुंढिराज नाही, बाळू नाही, धुंडी नाही, धनराजही नाही. मी चार वेळा पाहिलं. हे नाहीत. तुमचा हलफनामा पोचला होता. त्याबद्दल मी अजून काही बोलू शकत नाही. पण खोटं सांगणार नाही, आता मीही दमले.'

तू दमलीस हे वाचून मला जितकं दुःख झालं तितकं जातबाहेर झाल्याचं झालं नव्हतं.

यादी न वाचताच मी ती पंचपात्राखाली ठेवली आणि पाण्यात उतरलो. या वर्षी यजमान नव्हते, फक्त स्वतःचं तर्पण. आप्पा, आई, आजोबा, आजी, सगळ्यांना पाणी दिलं. मग बाळूची पाळी आली. ओंजळ भरली. बोटं चिकटली, नेहमीसारखी. या खेपेस मी हात झटकला नाही. तसाच उभा राहिलो. पाणी बोटांच्या फटीतून कधी निघून गेलं ते कळलं नाही. मी नाव घेतलं नाही. वर पायरीवर प्रेमला बसली होती, तिला दहा वर्षांचा क्रम पाठ. ती म्हणाली, 'आज एक नाव कमी झालं.' मी म्हटलं, 'कमीच असायला हवं होतं.'

मग पायरीवर बसून ओल्या हातांनी तुझी यादी वाचली. हिंदीत उतरवलेली आहे, बरं झालं. सव्वीस ओळी. मोहन, बिन पता. कोणी गूँगा, कोणी नामालूम. खालून तिसरी ओळ काढ. काढलीस? त्यात लिहिलं आहे:

'केशो. वालिद नामालूम. मुल्क नामालूम. उम्र पचास के क़रीब. दिमाग़ी हालत दुरुस्त नहीं. नाम पूछने पर यही बताता है.'

अन्नपूर्णा, तू गणिताची बाई. तू नावं ताडून पाहिलीस. यात तुझी काहीच चूक नाही. पण मी भिक्षुक आहे, मी नाव कुठे येतं ते पाहतो. जो माणूस पहाटे तोंड उघडतो ते केशवानं आणि मिटतो ते केशवानं, त्याला शिपाई काय म्हणतील? तेवीस वर्षं ज्याला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारली नाही, तो स्वतःचं नाव काय सांगेल? आपण सगळ्यांनी ढुंढिराजाला शोधलं. सरकारनंही, तूही, मीही. त्या नावाचा माणूस तिथे राहत नाही.

मी चूक असू शकतो. केशवराम, केशवलाल, उत्तरेत पुष्कळ आहेत. इतकी वर्षं 'नाही' म्हणत आलो, आता घाईनं 'आहे' म्हणून तुला पुन्हा दारात उभी करायची मला भीती वाटते. म्हणून एक परीक्षा सांगतो. वकीलबाईंना या कैद्यांना भेटू देतात असं तू चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं आहेस. सोबतच्या कागदावर मी नावं लिहिली आहेत. इथल्या एका मौलवींकडून तीच उर्दूतही उतरवून घेतली. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त माझा उच्चार दोनदा तपासून घेतला. केशवाय नमः पासून पुरुषोत्तमाय नमः पर्यंत, सतराच. अठरावं लिहिलेलं नाही. चुकूनही कुणी लिहू नये.

बाईंनी त्याच्यासमोर बसून सतरा नावं म्हणायची आणि थांबायचं. पुढचं त्यानं म्हणायचं.

त्यानं 'अधोक्षजाय नमः' म्हटलं तर तो कुणा दुसऱ्याच्या घरचा. त्याच्याही घरी कुणी वाट पाहत असेल, त्याचं नाव यादीत राहू द्या आणि शोधत राहा. त्यानं गाळलं आणि नारसिंहावर गेला, तर तो आपला.

तो आला तर काय करायचं तेही पोथीत आहे, मी काल काढून पाहिलं. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला तुपात न्हाऊ घालतात, मग तो नव्यानं जन्मला असं धरतात. पुन्हा बारसं, पुन्हा मुंज, आणि स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. मी यातलं काही करणार नाही, तो अधिकार मी त्या ओंजळीत घालवला. पण सगळा विधी सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवला आहे, जो करील त्याच्यासाठी. लग्नाला तू हो म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव. एवढंच सांगतो: मुंजीत संध्या पुन्हा शिकवतील, तेव्हा ती पळी घरात ठेवू नका.

आप्पांनी ज्या चुकीसाठी त्याला मारलं, तिच्याशिवाय आता त्याची दुसरी कुठलीही ओळख उरलेली नाही. तेवीस वर्षांत तुरुंगानं त्याचं काय काय काढून घेतलं असेल, मला माहीत नाही. मी रोज खालच्या पायरीवर बसतो, पुरुषोत्तमापर्यंत येतो आणि थांबतो. मग हात जोडून एकच मागतो, देवा, त्याला चुकू दे.

तुझा भाऊजी,
यज्ञेश्वर